लक्ष्मणराव किर्लोस्करांचे दीर्घ आयुष्य वीस मिनिटांत कसे मांडावे?

प्रश्न (वाचनालयवाला):

सर्वांना नमस्कार. २० जूनला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांची जयंती असते. त्या दिवशी आमच्या गावच्या वाचनालयात त्यांच्यावर वीस मिनिटे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. वाचायला लागल्यावर एक गोष्ट खटकली. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर येथे जन्मलेला हा माणूस १९५६ पर्यंत, म्हणजे सत्याऐंशी वर्षे जगला. पण त्यांच्यावरचे बहुतेक लेख लोखंडी नांगर आणि १९१० साली माळावर उभी राहिलेली किर्लोस्करवाडी ही त्यांच्या कारखान्याची वसाहत यांपाशीच थांबतात. पुढची सेहेचाळीस वर्षे दोन ओळींत उरकली जातात आणि घरसंसाराला तर एकच विशेषण मिळते, ‘कुटुंबवत्सल’. हे विशेषण आपल्याकडे प्रत्येक श्रद्धांजलीत असते, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. त्यांच्यातला कारखानदार आणि कुटुंबप्रमुख एकत्र दिसेल, असे कोणते प्रसंग सांगावेत?

उत्तर (जुना जोडारी):

माझे वडील ओतशाळेत होते आणि मीही पंपांच्या कामावर आयुष्य काढले, त्यामुळे मला हा विषय जवळचा आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावातच आहे. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हे नाव आपण इतके सरावाने घेतो, की त्यातला ‘बंधू’ आपल्या लक्षातही राहत नाही.

लक्ष्मणरावांना चित्रकलेची ओढ होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाण्यास वडिलांचा विरोध असताना थोरले बंधू रामूअण्णा त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तिथे काही रंगांतला फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे ध्यानात आल्यावर लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखाटन धरले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ते शिक्षक झाले. बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली, आणि त्यांनी नोकरी सोडली. अशा वेळी हातची नोकरी सोडून परतणाऱ्या माणसाला घरात जागा असावी लागते. ती बेळगावात होती, कारण दोघा भावांचे सायकलींचे दुकान तिथे आधीच चालू होते. लक्ष्मणरावांच्या धाडसाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. परंतु ज्या भावाच्या आधारावर ते धाडस करता आले, त्या रामूअण्णांना भाषणात निदान पाच मिनिटे द्या, अशी माझी विनंती आहे.

नांगराची गोष्ट थोडक्यात सांगितली तरी चालेल. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, हे आमच्या भागात शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. त्याआधी कडबा कापण्याचे यंत्र निघाले होते, हे मात्र पुष्कळ जण विसरतात.

उत्तर (कृष्णाकाठ):

वरील उत्तर मला आवडले, तरी एक सावधगिरी सुचवतो. ‘कारखाना म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य बहुधा मालकाच्या तोंडी असते, आणि कुटुंब म्हटले की वडीलधाऱ्याचा शब्द शेवटचा हेही ओघाने येते. वसाहतही मालकाचीच असेल, तर कामगाराचे घर आणि नोकरी एकाच दोरीला बांधलेली असतात. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या बत्तीस एकर निवडुंगाच्या माळावर जी वस्ती उभी राहिली, ती या अर्थाने एका माणसाच्या इच्छेवर चालणारी वस्ती होती. भाषणात हे झाकू नये.

तरीही कुटुंब हा शब्द तिथे पोकळ नव्हता, असे मी म्हणेन, आणि त्याची कसोटी घरच्या माणसांवर न लावता बाहेरच्यांवर लावावी. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे तुरुंगवास भोगून आलेले. त्यांना त्यांनी पहारेकरी नेमले. ज्या काळात या दोन्ही जातींवर सरकार आणि समाज जन्मतःच संशय घेत असत, त्या काळात रात्रीची राखण त्यांच्या हाती सोपवणे ही साधी गोष्ट नव्हती. ‘वत्सल’ शब्दाऐवजी हा एकच प्रसंग सांगा.

उत्तर (पुणेकर वाचक):

उरलेल्या सेहेचाळीस वर्षांबद्दल मला थोडे सांगता येईल. या काळातली त्यांची मोठी कामगिरी म्हणजे पुढच्या पिढीला वाट करून देणे, आणि ही गोष्ट यंत्र बनवण्याइतकीच अवघड असते. पुतणे शंकरराव यांचा ओढा लिहिण्याकडे होता. १९२० साली त्यांनी जे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्र होते. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ निघाले. ओतशाळेच्या शेजारी छापखाना चालावा आणि तिथून मराठी मध्यमवर्गाला नवे विचार मिळावेत, हे एरवी कोणत्या नांगरवाल्याच्या घरात घडले असते?

थोरले चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ चा, म्हणजे वाडी वसली तेव्हा ते सुमारे सात वर्षांचे होते. त्यांना अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत शिकायला पाठवले आणि १९२६ मध्ये परत आल्यावर कारखान्यातच कामाला लावले. लक्ष्मणरावांच्या हयातीतच हरिहरला यंत्रहत्यारांचा, बंगळुरूला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याला तेलइंजिनांचा कारखाना उभा राहिला; शेवटचे दोन्ही उद्योग १९४६ चे. वडील हयात असताना मुलांनी वेगळ्या गावी, वेगळ्या मालाचे उद्योग काढावेत, हे आपल्याकडच्या अनेक व्यापारी घराण्यांत भांडणाशिवाय होत नाही.

यानंतर १९४८ चा प्रसंग सांगावाच लागेल. गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीवर जमाव चालून आला आणि कारखान्याला आग लावण्यात आली. तेव्हा लक्ष्मणराव अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारला गेला.

लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांच्याबद्दल स्वतंत्रपणे बोला. पाणी, दुकान, शाळा यांपैकी काहीही नसलेल्या माळावर मुलाबाळांसह घर मांडणाऱ्या त्या आणि त्यांच्यासारख्या इतर घरांतल्या स्त्रिया नसत्या, तर तिथे नुसती एक शेड उभी राहिली असती, वाडी नव्हे.

प्रश्नकर्ता (वाचनालयवाला):

सर्वांचा आभारी आहे. सुरुवात ‘ब्रदर्स’ या शब्दापासून करतो, नांगर दोन मिनिटांत आटोपतो आणि कृष्णाकाठ यांनी सांगितलेला पहारेकऱ्यांचा प्रसंग मध्यभागी ठेवतो. ‘सातारा जिल्ह्यातल्या ओसाड माळावर’ असे वाक्य मी लिहून ठेवले आहे, ते चालेल का?

उत्तर (जुना जोडारी):

ते बदला. ती जागा तेव्हा औंध संस्थानच्या हद्दीत होती आणि आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येते. रेल्वे स्थानकाचे नावही आधी कुंडल रोड असे होते; किर्लोस्करवाडी ही पाटी नंतर लागली.