मदत हवी आहे: मायलोफायब्रोसिस, पोटातून रक्तस्राव आणि रक्त पातळ करायचं औषध

नमस्कार मंडळी,

माझ्या आईला मायलोफायब्रोसिस आहे. यात अस्थिमज्जेत तंतू वाढत जातात आणि रक्तपेशी तयार व्हायला जागाच उरत नाही. जेएके२ (या आजारात आढळणारा जनुकातला बदल) पॉझिटिव्ह आहे, प्लीहा बेंबीपर्यंत वाढलीय. त्यावरचं रुक्सोलिटिनिब हे औषध चालू आहे, प्लेटलेट साठ हजारांच्या आसपास असतात.

गेल्या महिन्यात तिला काळी शी व्हायला लागली. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ही डांबरासारखी चिकट होती, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहायची आणि वास नाकातून जायचा नाही. हिमोग्लोबिन ८ वरून ५.६ वर आलं. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेच्या खालच्या भागात फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिसेस दिसले. लगेच बँडिंग केलं, म्हणजे त्या शिरांना रबरी कडी बांधली, रक्त चढवलं. आता ती घरी आहे, पण खूप थकलीय.

लिव्हर सिऱ्हॉसिस नसताना हे कसं, असं विचारलं. मोठ्या झालेल्या प्लीहेतून पोर्टल शिरेत (आतडी-प्लीहेकडून यकृताकडे रक्त नेणारी शीर) जास्तीचं रक्त येतं, यकृतातही रक्तपेशी बनायला लागतात, त्यामुळे दाब वाढतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यात डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पोर्टल शिरेत गुठळीही निघाली. या आजारात रक्तस्राव आणि गुठळ्या दोन्ही होतात.

खरा पेच इथे आहे. रक्तविकारतज्ज्ञ म्हणतात, गुठळी वाढली तर दाब आणखी वाढेल, आतड्याचा रक्तपुरवठाही धोक्यात येईल, म्हणून रक्त पातळ करायचं औषध सुरू करू. पोटविकारतज्ज्ञ म्हणतात, व्हेरिसेस पूर्ण बसेपर्यंत थांबा, आत्ता पुन्हा रक्त सुटलं तर आवरणार नाही. मला दोघांचंही पटतं. निर्णय मात्र आमच्यावर येऊन पडलाय.

तुमच्या घरात असं कोणाचं झालं असेल तर औषध कधी सुरू केलं? बँडिंगच्या किती फेऱ्यांनंतर? प्लेटलेट कितीच्या खाली गेल्यावर थांबवलं? शिरेतला दाब कमी करायला देतात ते प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्वेडिलॉल सोसलं का, बीपी फार उतरलं का? दोन्ही डॉक्टरांना एकत्र बसवून निर्णय घेता आला असेल तर ते कसं जमवलं, हेही नक्की लिहा. मला आत्ता तेच सगळ्यात गरजेचं वाटतंय.

रुक्सोलिटिनिब एकदम बंद करायचं नाही आणि अंगदुखीसाठी ब्रूफेनसारखी गोळी द्यायची नाही, हे आम्हाला बजावलेलं आहे. काळी शी किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट इमर्जन्सीत न्यायचं, हेही ठरलंय. त्यामुळे कृपया काढे सुचवू नका. शुक्रवारी पुन्हा अपॉइंटमेंट आहे, त्याआधी कोणी लिहिलं तर फार मदत होईल.