रायफल, आखडलेली मान आणि ईएमजी बायोफीडबॅक: कुणाला अनुभव?

रायफलवाली_आई:
मुलगी 10 मीटर एअर रायफलला आहे. सरावानंतर डाव्या बाजूची मान-खांदा दगडासारखा होतो, रात्री डोकं चढतं. शेवटच्या दोन सिरीजमध्ये (दहा-दहा शॉटच्या फेऱ्या) गुणही घसरतात. कोच म्हणाले, ईएमजी बायोफीडबॅक करून बघा. म्हणजे ते करंट देतात तेच ना? सासूबाईंच्या गुडघ्याला दिला होता. चार दिवस बरं, मग पहिले पाढे पंचावन्न. अभिनव बिंद्रा यांनीही असलंच काही केलं होतं असं ऐकते.

फिजिओ_मिरजकर:
ताई, ते नव्हे. सासूबाईंना दिलं ते आयएफटी किंवा टेन्स असणार, त्यात मशीन करंट सोडतं. इथे मशीन काहीच देत नाही, फक्त मोजतं. स्नायू आकसताना त्याच्यात अगदी बारीक, मायक्रोव्होल्टमधली वीज तयार होते. ती कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडनी टिपायची आणि आवाजात किंवा स्क्रीनवरच्या पट्टीत दाखवायची, एवढंच.

माझ्याकडे पोरं येतात. खांदा स्पिरिटने पुसून इलेक्ट्रोड लावते आणि म्हणते, "सोड खांदे." "सोडलेत की!" मशीन मात्र कुंई कुंई करतच असतं. मग लांब श्वास सोडता सोडता कधीतरी ते गप्प होतं आणि पोरगं माझ्याकडे बघतं, "हां, हे होय सैल!" तोंडाने शंभरदा सांगून हे होत नाही.

तुमच्या मुलीचं खांद्यावर रायफल असतानाचं तर बघाच, पण दोन शॉट्सच्या मधलंही बघा. उभ्या पोझिशनमध्ये डावा कोपर कमरेला टेकवून वजन हाडांवर घ्यायचं असतं. साडेपाच किलोपर्यंतची बंदूक, 60 शॉट, 75 मिनिटं. काही मुलं रायफल स्टँडवर ठेवतात, पण खांदा खाली यायचा विसरतो. त्या स्नायूला मॅचभर सुट्टीच नाही.

तणावाच्या डोकेदुखीसाठी कपाळाच्या स्नायूवर हा प्रयोग बुडझिन्स्की आणि स्टोयवा यांनी 1970 च्या सुमारास कोलोरॅडोत केला. अशा डोकेदुखीत त्याचा चांगला उपयोग होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तेच मशीन उलटं वापरतो: मांडीचा झोपलेला स्नायू जागा करायला, पट्टी वर न्यायला. गुण वाढतील का? तशी हमी देणारा कुणी भेटला तर चहा न घेता निघा. बिंद्रांच्या बाबतीत ऐकलंत ते बहुधा मेंदूच्या लहरींचं न्यूरोफीडबॅक. ते प्रकरण वेगळं.

दहापॉइंटनऊ:
मशीनआधी चीकपीस बघा, म्हणजे रायफलवर गाल टेकवायचा भाग! आमच्या रेंजवर पोरी वर्षभरात उंच होतात आणि रायफलची सेटिंग मागच्याच वर्षीची. मग गाल टेकवायला मान वाकवायची, दुखणारच. आणि नेमबाजीच्या जाड जॅकेटच्या आत इलेक्ट्रोड लावले की वायर घासते, घाम येतो, रीडिंग काहीच्या काही येतं. आधी जॅकेट न घालता होल्डिंग (गोळी न झाडता नुसती रायफल धरून नेम) करून बघा.

शंकेखोर_काका:
ऑनलाइन मिळतंय की मशीन. दर खेपेला पैसे कशाला मोजायचे?

फिजिओ_मिरजकर:
काका, इलेक्ट्रोड दोन बोटं सरकला तरी आकडा बदलतो, कातडीखालची चरबी जास्त असली तरी बदलतो. म्हणून शेजारच्या मुलीच्या आकड्याशी तुलना करायची नाही, आणि जागा नक्की कळल्याशिवाय घरी खरेदीही नको. शिवाय काही बैठकांनंतर मी आवाज बंदच करते, नाहीतर मूल फक्त मशीनसमोरच सैल होतं. रेंजवर कुंई करायला कोण येणार?

दहापॉइंटनऊ यांचं चीकपीसचं अगदी बरोबर. ताई, बोटांना मुंग्या किंवा हातात कमजोरी आहे का? असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

रायफलवाली_आई:
मुंग्या वगैरे नाहीत. करंट नाही म्हटल्यावर पोरगी लगेच तयार झाली. चीकपीस रायफल घेतली तेव्हापासून कुणी हलवलेलाच नाही! तेव्हा ती माझ्या खांद्याला लागत होती, आता मीच तिच्या खांद्याला लागते. उद्या कोचना आधी तेच दाखवते. मिरजकर मॅडम, बैठकीला येताना रायफल बरोबर आणायची का?

फिजिओ_मिरजकर:
आणा. स्टँडही आणा.