‘फ्रॉम अंडर’ आणि ‘सिन्स बिफोर’ : इंग्रजीत दोन शब्दयोगी शेजारी येतात तेव्हा

प्रश्न

नमस्कार. फोर्टमधील एका कार्यालयात मी मराठी पत्रांचे इंग्रजी भाषांतर करते. गेल्या आठवड्यात एका तक्रार-अर्जात ‘कुत्रा जिन्याखालून धावत आला’ असे वाक्य होते, त्याचे भाषांतर मी ‘द डॉग केम रनिंग फ्रॉम अंडर द स्टेअरकेस’ असे केले. वरिष्ठांनी त्यातील ‘फ्रॉम’ खोडला आणि इंग्रजीत दोन प्रिपोझिशन एकापाठोपाठ येत नाहीत, असे सांगितले. त्याच अर्जात पुढे ‘अर्जदार पुलाखालून जात असताना’ असे होते आणि तेथेही मी ‘फ्रॉम अंडर द ब्रिज’ लिहिले होते, तोही ‘फ्रॉम’ खोडला गेला. या दोन्ही दुरुस्त्या योग्य आहेत का? जाणकारांनी कारणासह सांगावे.

उत्तर

पहिली दुरुस्ती चुकीची आहे आणि दुसरी बरोबर आहे. मूळ मराठीत दोन्ही ठिकाणी ‘खालून’ हाच शब्द असल्यामुळे हा निकाल विचित्र वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोन प्रिपोझिशन शेजारी येत नाहीत, असा नियम इंग्रजीत नाही. ‘फ्रॉम’नंतर सामान्यतः नाम येते हे खरे, पण त्या नामाच्या जागी ‘अंडर द स्टेअरकेस’ असा स्थळ दाखवणारा संपूर्ण शब्दसमूहही येऊ शकतो. कुत्रा कोठून आला, तर ‘जिन्याखाली’ या जागेतून आला. आपणही हेच करतो, फक्त उलट्या क्रमाने. ‘खाली’ या स्थळवाचक शब्दाला पंचमीचा ‘ऊन’ जोडून ‘खालून’ होते. प्रिपोझिशन नामाच्या आधी येते आणि आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या नंतर, त्यामुळे ‘जिना, खाली, ऊन’ हा आपला क्रम इंग्रजीत आरशात पाहावा तसा ‘फ्रॉम, अंडर, स्टेअरकेस’ असा दिसतो. दोन्ही भाषांत ‘खाली’चा अर्थच नामाला चिकटून राहतो आणि ‘पासून’चा अर्थ त्याच्या बाहेर बसतो. मराठीत हे सारे एका शब्दात मिसळून जाते, म्हणून आपण दोन अव्यये वापरली याची आपल्याला जाणीव होत नाही. इंग्रजीत ती सुटी लिहिली जातात, म्हणून डोळ्यांना खटकतात.

‘फ्रॉम’ खोडल्यावर उरलेले ‘केम रनिंग अंडर द स्टेअरकेस’ हे वाक्य व्याकरणात बसते, पण कुत्रा जिन्याखाली धावत आला, असा अर्थ त्यातून निघू शकतो, म्हणजे दिशाच उलटते. तक्रार-अर्जात हा फरक क्षुल्लक नाही.

आता पुलाविषयी. मराठीतील ‘ऊन’ दोन कामे करतो. एक म्हणजे निघण्याची जागा सांगणे, आणि दुसरे म्हणजे जाण्याची वाट सांगणे. दादरला लोकल टिळक पुलाखालून जाते, तेव्हा ती पुलाखाली वस्तीला नसते. पूल तिच्या वाटेत असतो. इंग्रजीत निघण्याच्या जागेसाठी ‘फ्रॉम अंडर’ लागते, वाटेसाठी नुसते ‘अंडर’ पुरते. म्हणून ‘द ट्रेन पास्ड अंडर टिळक ब्रिज’ हे बरोबर, आणि त्याच पुलाखाली झोपलेले मांजर बाहेर आले तर ‘द कॅट केम आउट फ्रॉम अंडर टिळक ब्रिज’ हे बरोबर. या दुसऱ्या वाक्यात ‘आउट, फ्रॉम, अंडर’ असे तीन शब्द ओळीने आले आहेत. त्यांतील ‘आउट’ हा ‘बाहेर’ या अर्थाने क्रियापदाबरोबर राहतो.

पारख करण्यासाठी मी स्वतःला ‘आधी कोठे होता?’ असा एक मराठी प्रश्न विचारतो. उत्तर ‘जिन्याखाली होता’ असे आले तर ‘फ्रॉम’ ठेवावा. अर्जदार पुलाखाली नव्हता, तो केवळ तेथून गेला, म्हणून तेथे ‘फ्रॉम’ नको. ‘दारातून आत आला’, ‘खिडकीतून पाहिले’, ‘गर्दीतून वाट काढली’ या सर्व ठिकाणी वाट आहे, म्हणून ‘थ्रू’ येतो. ‘फ्रॉम द डोअर’ लिहिले की वाचणाऱ्याला तो माणूस दाराशी उभा होता असे वाटते. उलट ‘अर्जदारांमधून तिघांची निवड झाली’ येथे ते तिघे अर्जदारांमध्येच होते, म्हणून ‘फ्रॉम अमंग द ॲप्लिकंट्स’. मुंबईत ‘मी दादरवरून आलो’ हे वाक्य तर रोज दोन्ही अर्थांनी बोलले जाते. माहीमहून ठाण्याला जाताना दादरला गाडी बदलणाराही तेच म्हणतो आणि दादरला राहणाराही. ‘फ्रॉम दादर’ लिहिले की पहिला अर्थ नाहीसा होतो. तेथे ‘व्हाया दादर’ लिहावे.

आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. ‘फ्रॉम अंडर’, ‘फ्रॉम बिहाइंड’, ‘फ्रॉम बिट्वीन’ सर्रास आढळतात, पण ‘फ्रॉम ऑन’ आणि ‘फ्रॉम इन’ क्वचितच. याचे कारण असे की ‘ऑन’ची सुटका सांगणारा ‘ऑफ’ आणि ‘इन’ची सुटका सांगणारा ‘आउट ऑफ’ हे शब्द इंग्रजीत आधीच तयार आहेत. ‘टेबलावरून पेला पडला’ म्हणजे ‘फेल ऑफ द टेबल’, आणि ‘पेटीतून पत्र काढले’ म्हणजे ‘आउट ऑफ द बॉक्स’. ‘अंडर’ आणि ‘बिहाइंड’ यांना असा जोडीदार नाही, म्हणून ‘फ्रॉम’ मदतीला येतो. पोहोचण्याच्या जागेसाठी मात्र ‘टू’ सहसा लागत नाही. ‘टेबलाखाली पळाला’ हे ‘रॅन अंडर द टेबल’ एवढ्यानेच होते.

पुरवणी प्रश्न

उत्तम विवेचन. मी विलेपार्ल्यात इंग्रजी शिकवतो. काळाच्या बाबतीतही हेच लागू होते का? दुसरे म्हणजे, एका विद्यार्थ्याने ‘द ट्रेन आय केम इन ऑन ऑन मंडे वॉज लेट’ असे वाक्य लिहिले. दोनदा आलेला ‘ऑन’ मी खोडू की नको?

उत्तर

सर, खोडू नका. विद्यार्थ्याचे वाक्य निर्दोष आहे. ‘केम इन’ मधील ‘इन’ क्रियापदाचा, पहिला ‘ऑन’ गाडीचा आणि दुसरा सोमवारचा. ‘आय केम इन ऑन द ट्रेन’ यातील ‘ट्रेन’ हे नाम उचलून वाक्याच्या आरंभी नेले, त्यामुळे त्याचा ‘ऑन’ मागे एकटा राहिला आणि योगायोगाने सोमवारच्या ‘ऑन’शेजारी आला. येथे ‘फ्रॉम अंडर’सारखी जोडी नाही, केवळ शेजार आहे. मराठीत हा प्रसंगच येत नाही, कारण ‘ज्या गाडीने मी सोमवारी आलो’ यात ‘ने’ आपल्या नामाला सोडून कोठेही जात नाही. वाचताना अडखळायला होत असेल तर ‘मंडेज ट्रेन’ असे बदलता येईल, पण ती शैलीची निवड झाली, व्याकरणाची चूक नव्हे.

काळाच्या बाबतीत ‘सिन्स बिफोर’ अगदी आपल्या ‘आधीपासून’ सारखा आहे. ‘हे इराणी हॉटेल 1947 च्या आधीपासून आहे’ याचे ‘सिन्स बिफोर 1947’ हे शब्दशः आणि बरोबर भाषांतर होय. ‘अनटिल आफ्टर’ मात्र मराठीत तसाच उतरत नाही. ‘अनटिल आफ्टर दिवाळी’ यासाठी आपण ‘दिवाळीनंतरपर्यंत’ म्हणत नाही, ‘दिवाळी होऊन जाईपर्यंत’ असे म्हणतो. इंग्रजी अव्ययांनी जे साधते तेथे आपल्याला क्रियापद लागते.

शिकवताना आणखी एका जोडीकडे लक्ष द्यावे, अशी विनंती. मुंबईतील कार्यालयांत ‘कोप अप विथ’ सर्रास लिहिले जाते, पण प्रमाण इंग्रजीत ते ‘कोप विथ’ एवढेच आहे. ‘पुट अप विथ’, ‘कीप अप विथ’ आणि ‘कॅच अप विथ’ या तिन्हींत ‘अप’ हवाच असतो, त्यांच्या सवयीने तो येथे शिरला असावा. त्यांतील ‘अप’चा स्वतंत्र अर्थ शोधण्यात मुलांचा वेळ घालवू नये. ‘पुट अप विथ’ म्हणजे सोसणे, असे मराठी क्रियापद समोर ठेवले की तिन्ही शब्द मिळून एक क्रियापद आहे हे त्यांना लगेच समजते. ‘लुक फॉरवर्ड टू’ यातील ‘टू’ हेही प्रिपोझिशनच आहे, म्हणून त्यापुढे ‘मीट’ येत नाही, ‘मीटिंग’ येते.