इंग्रजी शिक्षकपदाच्या मुलाखतीसाठी मदत हवी आहे
नमस्कार. नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिक्षकपदासाठी येत्या सोमवारी माझी मुलाखत असून, आठवीच्या वर्गावर वीस मिनिटांचा नमुना पाठही घ्यायचा आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जात असले, तरी मुले बोलताना अडखळतात, असा सराव पाठांतील माझा अनुभव आहे; म्हणून कर्मणी प्रयोगाचे नियम फळ्यावर लिहिण्याऐवजी द्राक्षे खुडण्यापासून पेटीत भरण्यापर्यंतच्या कामांची वाक्ये मुलांकडूनच वदवून घ्यावीत, असे मी योजले आहे. परीक्षकांना हे पटेल, की व्याकरणाची रूढ मांडणीच अपेक्षित असते? शिवाय वर्गात मराठीचा आधार किती घ्यावा, या प्रश्नाला (तो हमखास विचारतात म्हणे) काय उत्तर द्यावे? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.