आण्णांची टाच टेकत नाही, बोटॉक्स घ्यावं का?

जांबोटीकर
आण्णांना (वय ६४) आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. आता काठी घेऊन सोप्यातून न्हाणीपर्यंत जातात, पण डावी टाच टेकतच नाही. पाऊल आत वळतं, बोटं आकसतात, पाय बाजूनं गोल फिरवून टाकतात. उंबऱ्याला दोनदा अडखळले. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडला की शिलाई मशीनसारखा थडथड उडतो. पाऊस लागल्यापासून तर जास्तच.

गावातला मालीशवाला आठवडाभर यायचा. हिसके देऊन ओढायचा, आण्णा ओरडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाय आणखी लाकूड. बंद केलं त्याला. बॅक्लोफेन १० मिलिग्रॅम तीन वेळा चालू आहे. पाय जरा सैल पडतो, पण माणूस ताटावर पेंगतो. धाकटा भाऊ म्हणतो, गोळ्या उद्यापासून बंदच करू. बेळगावच्या डॉक्टरांनी पोटरीत बोटॉक्सचं इंजेक्शन सुचवलंय. यंदाचे काजूचे पैसे त्यात जातील. जाऊ देत, पण चालतील का?

फिजिओ, टिळकवाडी
आधी भावाला आवरा! बॅक्लोफेन एकदम तोडलं तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. पेंग येते हे डॉक्टरांना सांगा, डोस ते बदलतील.

मेंदूचा लगाम सुटलेला स्नायू जेवढ्या झटक्यात ओढाल तेवढा जोरात आकसतो, म्हणून मालीश उलटली. गुडघा सरळ ठेवून पावलाला टॉवेल अडकवा, हळू खेचा, अर्धा मिनिट धरा. रोज.

बोटॉक्सनं ताकद येत नाही, फक्त ताठरपणा उतरतो. परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे, टिकतो साधारण तीन महिने. तेवढ्यात ताण देणं, स्प्लिंट (पाऊल सरळ धरून ठेवणारा आधार), चालण्याचा सराव झाला नाही तर काजू पाण्यात. पाय अगदी सैल करायच्या मागेही लागू नका. कित्येकांचा अशक्त पाय त्या ताठपणावरच उभा असतो.

थंडीनं ताठरपणा वाढतो हे खरं. पण पावसावर सोडून देऊ नका. बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ, पायाला जखम, काही आहे का बघा, त्यानंही ताठरपणा वाढतो.

निपाणीची सून
आमच्या मामंजींनी दोनदा घेतलं. पहिल्या वेळी इंजेक्शन झालं म्हणून आम्ही निवांत, तीन महिन्यांनी पाय होता तिथंच. दुसऱ्या वेळी व्यायाम चुकवला नाही. आता स्प्लिंट घालून देवळापर्यंत जातात. टाच अजून पुरती टेकत नाही, खोटं कशाला सांगू. स्प्लिंट चपलेत बसत नाही हं, एक नंबर मोठा बूट घ्या.

जांबोटीकर
आत्ता आण्णांची बोटं सरळ करून बघितली. अंगठ्याचं नख मांसात शिरलंय, पू धरलाय. त्या बाजूला जाणीव कमी, कधी बोललेच नाहीत. उद्या पहिल्या बसनं बेळगाव. भावालाही नेतोय सोबत, गोळ्यांचं डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे.