चेतापेशीतला 'करंट' आणि माकुळाचा तंतू
चेतातंतूतून, म्हणजे चेतापेशीच्या लांब धाग्यातून, संदेश 'तारेतून करंट जावा तसा' जातो असं अनेकदा म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो. तारेत इलेक्ट्रॉन लांबीच्या दिशेने सरकतात. इथे सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) पेशीपटलातून आडवे आत शिरतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि हा खेळ तंतूवर पुढे पुढे सरकत जातो. एरवी आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. सोडियम शिरला की तो आतला भाग जेमतेम मिलिसेकंदभर धन होतो.

हे हॉजकिन आणि हक्सले या शास्त्रज्ञांनी स्क्विडच्या, म्हणजे आपल्या माकुळाच्या तंतूवर मोजलं (नोबेल १९६३). तो तंतू अर्धा मिलिमीटर जाड, त्यात चक्क इलेक्ट्रोड सरकवता येतो! तंतू जाड तसा वेग जास्त, तरीही माकुळाची मजल सेकंदाला वीस-पंचवीस मीटरच. आपले तंतू त्याहून कितीतरी बारीक, पण त्यांवर मायलिनचं मेदाळ वेष्टण असतं. मधल्या उघड्या खाचांवरून संदेश उड्या मारत जातो आणि जलद तंतूंत सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग गाठतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हेच वेष्टण झडतं.

आणि हो, सोडियम पुन्हा बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पेशीपटलातला सोडियम-पोटॅशियम पंप संदेश 'ढकलत' नाही. तो बंद पाडला तरी जाड तंतू बराच वेळ संदेश पाठवत राहतो.