भाऊ प्रोबेशनवर आलाय, कोर्स विड्रॉ केला तर चालेल का?

पाऊसवाट
माझा धाकटा भाऊ अमेरिकेत मास्टर्स करतोय, एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर. पहिल्या सेमला तीन कोर्स होते, बी, बी मायनस आणि सी लागला, जीपीए म्हणजे ग्रेडची सरासरी २.५७. डिपार्टमेंटला ३.० लागतो म्हणून अकॅडमिक प्रोबेशनचं पत्र आलंय. या सेमलाही तीनच कोर्स आहेत, त्यातल्या एकाची मिडटर्म पार वाईट गेली, तर तो आता ऑनलाइन जाऊन तो कोर्स विड्रॉच करून टाकतो म्हणतोय. आईबाबांना काही बोललेला नाही, फक्त मला सांगितलंय. प्रोबेशन म्हणजे काढूनच टाकतात का? आणि विड्रॉ केलं तर व्हिसाचं काय? नक्की माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा, मला काही सुचत नाहीये.

निळीशाई
घाबरू नका, प्रोबेशन म्हणजे ताकीद, नाव कमी केलेलं नसतं. पत्र नीट वाचायला सांगा, त्यात किती सेममध्ये जीपीए वर आणायचाय आणि नाही आणला तर काय, ते लिहिलेलं असतं, हे प्रत्येक युनिव्हर्सिटीचं वेगळं असतं त्यामुळे मित्राच्या कॉलेजात काय झालं यावर जाऊ नका.

तिन्ही कोर्स सारख्या क्रेडिटचे धरून हिशोब सांगते. तिन्ही ठेवले तर दोन बी प्लस आणि एक ए मायनस लागेल, तेव्हा एकूण बरोब्बर ३.० होतो. एक विड्रॉ केला तर डब्ल्यू लागतो, तो जीपीएत धरत नाहीत, मग उरलेल्या दोघांत ए मायनस आले की ३.०२. पण तो कोर्स तसाच ठेवून एफ आला तर दोन ए मायनस असूनही २.५२ वरच राहतो. म्हणून विड्रॉ करणं चुकीचं असं मी म्हणणार नाही, ट्रान्स्क्रिप्टवर एक डब्ल्यू असला तर काही बिघडत नाही.

वाटाड्या_०९
हिशोब बरोबर आहे पण एफ-१ वाल्याने आधी हा हिशोब करायचाच नाही!! प्रोबेशनने व्हिसाला धक्का लागत नाही, क्रेडिट कमी झाले की लागतो. मास्टर्सला फुल टाइम म्हणजे बऱ्याच ठिकाणी सेमला ९ क्रेडिट, तीनातला एक कोर्स गेला की ६ उरले. पोर्टल विड्रॉ करू देतं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, बटण दाबायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम बघणारा युनिव्हर्सिटीचा अधिकारी) मंजुरी लागते, नंतर सांगून उपयोग नाही, स्टेटस गेलेलं असतं.

आणि विषय अवघड जातोय म्हणून डीएसओ सहज हो म्हणतील असंही नाही. अभ्यासाच्या कारणाने कमी लोड एका डिग्रीत एकदाच मिळतो, तोही ठराविक कारणांसाठी, म्हणजे सुरुवातीला इंग्रजीची अडचण, तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या लेव्हलच्या कोर्सला बसवलं गेलं असेल तर. तरी निम्मा लोड ठेवावाच लागतो आणि पुढच्या सेमला परत फुल टाइम.

पाऊसवाट
मनापासून आभार दोघांचे. एक राहिलं, तो मधे बराच आजारी होता, झोप नाही, जेवण नाही, ते आम्हाला आत्ता कळतंय. पूर्ण सेमच सोडून घरी आला तर?

निळीशाई
मग हे आधी सांगायला हवं त्याने तिथे! आजारपणासाठी वेगळी सोय आहे, डॉक्टर किंवा लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र असेल तर लोड कमी करता येतो, गरज पडली तर शून्यावरही, एका डिग्रीत सगळा मिळून १२ महिन्यांपर्यंत. कॅम्पसच्या हेल्थ सेंटरला आजच अपॉइंटमेंट घ्यायला लावा. तब्येत आधी, जीपीए नंतर बघू.

वाटाड्या_०९
घरी यायचं असेल तरी डीएसओला सांगूनच. त्यांनी मंजूर केलेलं विड्रॉवल असेल तर निघायला १५ दिवस मिळतात, न सांगता सोडलं तर एकही नाही. बाहेर ५ महिन्यांच्या आत राहिला तर सहसा तेच एफ-१ चं रेकॉर्ड पुन्हा सुरू करून घेता येतं, त्यापुढे गेलं की नवीन आय-२० (व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) पासून सगळं. फीचा परतावा आठवड्यागणिक घटत जातो आणि विड्रॉची शेवटची तारीख अकॅडमिक कॅलेंडरवर असते, ती आत्ताच बघा. तारीख चार दिवसांवर असेल तर मेलची वाट न बघता सरळ ऑफिसात जाऊन बसायला सांगा, आणि आईबाबांशी तुम्हीच बोला, त्याच्या डोक्यावर तेवढं तरी कमी होईल.